शेवटचं नीट कधी पाहिलंत?

नाव आम्ही नंतर विचारतो.
आधी हे:
शेवटचं नीट कधी पाहिलंत यांना?

प्रश्न सोपा वाटतो,
पण माणसं दारातच अडखळतात.
काल रात्री, म्हणतात. जेवताना.
नाही, जेवताना मी मोबाइलवर होतो.
बाथरूमचा दिवा लागलेला दिसला, म्हणजे तेव्हा असतील नीट.
एकदा एक मुलगा म्हणाला, दिवाळीत,
आणि खालच्या फरशीकडे बघत राहिला.
तो राहायचा कोथरूडला, वडील कात्रजला.

आज पहाटे पाच पस्तीसला
झेंडूनं भरलेला तीनचाकी टेम्पो थेट रॅम्पवर चढला.
वॉचमन ओरडला, माल मागच्या गेटनं!
मालावर आडवी होती सुलाबाई पवळे,
मार्केट यार्डातल्या फूलबाजारातली.
ओठाचा उजवा कोपरा उतरलेला,
उजवा हात फुलांत कुठंतरी विसरलेला.

मुलाला फोन लावला. हिंजवडी, रात्रपाळी.
प्रश्न ऐकून तो म्हणाला, थांबा हं सिस्टर,
आईचं लास्ट सीन बघून सांगतो.

तिला घेऊन आलेला हमाल, लतीफ बागवान,
त्याला विचारावंच लागलं नाही.
"चार पन्नासला तेवीस पाट्या मोजल्या. बरोब्बर.
मी चहा आणून ठेवला.
पाच दहाला परत मोजायला बसली
तर अठराच्या पुढं जाईना.
अठरा, अठरा, अठरा.
ही बाई मोजण्यात चुकत नाही, सिस्टर."
खिशातून त्यानं पट्टी काढली:
सहा ओळी ठसठशीत,
सातवी घसरत घसरत कागदाच्या कडेवरून खाली.

मी लिहिलं, चार पन्नास.
बिघडलेलं दिसलं ती वेळ धरायची नसते,
शेवटचं नीट होतं ती धरायची.

मी नोकरीला लागले तेव्हा याला कॅज्युअल्टी म्हणायचे.
एक टेबल, एक सिलिंडर,
सिलिंडरची चावी सुतळीनं खिळ्याला बांधलेली.
लकव्याचा पेशंट आला की वॉर्डात.
दर दोन तासांनी कूस बदलायची
आणि घरच्यांना सांगायचं, वेळ लागेल.
आता तोच वेळ लागू द्यायचा नाही.
साडेचार तासांची मुदत,
त्यातला पाऊण तास तर यार्डातून इथवर येण्यातच गेला.

शुगर एकशे बारा.
स्कॅनमध्ये रक्त सांडलेलं नाही.
मुलानं फोनवर हो म्हटलं, दोनदा.
डॉक्टर टिळेकर उभ्या उभ्याच विचारतात, वजन?
पलंगाचा काटा आठवडाभर बंद.
पडद्याबाहेरून लतीफ: "त्रेपन्न.
उचललीय मी. फार तर चोपन्न."

त्याच्या खांद्याच्या भरवशावर डोस निघाला.
पूर्वी हे औषध तासभर जात राहायचं,
आम्ही पंपाकडे बघत बसायचो.
आता एक सिरिंज, पाच सेकंद.

त्या पाच सेकंदांत शेजारच्या पडद्याआड
नवले पुलावर पडलेला पोरगा आईला हाका मारत होता.
हाका मारतोय म्हणजे श्वास चालू आहे.
त्याला पिवळी पट्टी, तो थोडा थांबेल.
सव्वीस वर्षांत एवढं तरी कळलं,
की जो गप्प असतो त्याच्याकडे आधी जायचं.

सहा चाळीसला तिनं अंगठा हलवला.
किंवा मला तसं वाटलं.
मी परत सांगितलं, दाबा माझा हात.
दाबला. फुलाची पाकळी दाबावी इतकाच.
शब्द अजून नाहीत. येतील का, माहीत नाही.

फॉर्मवर एक रकाना उरला होता,
आणणाऱ्याचं रुग्णाशी नातं.
काय लिहू, विचारलं.
लतीफ तळव्याचा पिवळा रंग पँटला पुसत म्हणाला,
"नातं कसलं? तिचा माल उचलतो."

रकान्यात जागा तशी कमीच.
मी लिहिलं, नीट पाहणारा.
बाहेर वॉचमन अजून ओरडतच होता,
कोणाचा आहे हा टेम्पो? काढा आधी!